तुतीवरची साक्ष

चौथ्या भागात हातिमने लांडगे आणले, तेव्हा हाजा तफीदाच्या डोक्यात तिडीक गेली.

सुनेने, इन्शिराहने, मोबाइल पितळी वाडग्यात उभा करून ठेवला होता, कारण त्यात आवाज मोठा येतो. दोघी अंगणात सावलीला बसून मुलुखियाची पानं खुडत होत्या आणि वाडग्यातून नातवाचा आवाज घुमत होता. "एकोणीसशे त्रेपन्नची ती काळीकुट्ट रात्र. उसाच्या फडात वारा घोंघावतोय." मग वारा आला. मग लांडगे आले, चांगले तीन-चार, गळा काढून रडणारे.

"रात्र कुठली आली, मेल्या," हाजा पुटपुटली. "टळटळीत दुपार होती."

"काय म्हणालात, हाजा?"

"काही नाही. देठं काढ नीट. मागच्या खेपेला निम्मी देठंच खाल्ली आम्ही."

हा हातिम म्हणजे तिच्या धाकट्या मुलीचा मुलगा. कैरोत वाढलेला. वकिलीची पदवी पदरात पडली, पण कोर्टाची पायरी काही चढला नाही, आणि आता 'जुन्या फायलीतलं रक्त' नावाचा पॉडकास्ट चालवत होता. जुने खून हुडकायचे, कोर्टाची कागदपत्रं मिळवायची आणि दर आठवड्याला एक भाग करून लोकांच्या कानात ओतायचा, हा त्याचा उद्योग. लोक ऐकत होते, तेही लाखांनी. हाजा स्वतः ऐकायची. तांता शहरातल्या औषधवाल्याचा खून तर तिने दोनदा ऐकला होता. दुसऱ्याच्या घरचं मढं असलं की ऐकायला काय जातं. पण या वेळी पठ्ठ्याने आपल्याच घरचं उकरून काढलं होतं, आणि त्याचे म्हणे सहा भाग होणार होते.

घरचं मढं म्हणजे जाबिर दहशान, हाजाचा काका. नग अल-तूतच्या, म्हणजे याच वाडीतल्या, रहाटापाशी त्याला कोणीतरी गोळी घातली. गुन्हा शाबित झाला समोरच्या घरातल्या रिदवान सुवैलमवर. पंचवीस वर्षं सक्तमजुरी. त्यातली अकरा त्याने तुराच्या तुरुंगात, खाणीत दगड फोडून काढली आणि तिथेच मेला. आणि हे सगळं झालं कशावर, तर एका नऊ वर्षांच्या मुलीच्या साक्षीवर. ती मुलगी कोण हे हातिमने सांगितलं नव्हतं. घरच्या बाईचं नाव चारचौघांत घ्यायचं नसतं एवढी अक्कल कैरोत राहूनही त्याच्यात शिल्लक होती. पण नगात सगळ्यांनाच ठाऊक होतं. ती मुलगी आता एकोणऐंशी वर्षांची होती आणि मुलुखिया खुडत होती.

चुका तरी किती मोजायच्या. पहिल्या भागात काका काळ्या घोड्यावर बसून आला. घोडा. जाबिर दहशान जन्मभर एका डोळ्याने आंधळ्या गाढवावर फिरला. दुसऱ्या भागात तो गावाचा लाडका झाला, म्हणे त्याच्या मयताला बायाबापड्या ऊर बडवत होत्या. अहो, पाण्याच्या पाळीवरून तो अर्ध्या नगाशी भांडलेला होता. त्याला गोळी घालावीशी वाटली नाही असा माणूस शोधावा लागला असता. आणि रिदवान? रिदवानला हातिमने 'थंड नजरेचा' करून टाकलं. त्याची नजर थंडबिंड काही नव्हती, तिरळी होती. घरची कोंबडी कापायची वेळ आली की बायकोला हाक मारून स्वतः बाहेर जाऊन बसणारा माणूस तो.

हाजाला हे सगळं ओरडून सांगावंसं वाटायचं आणि सांगता यायचं नाही. कारण एक टाका उसवला की सगळी शिवण उसवते. घोडा नव्हता म्हटलं की हातिम विचारणार, तुला कसं माहीत. दुपार होती म्हटलं की विचारणार, तू तेव्हा कुठे होतीस. सत्तर वर्षं तोंडाला कुलूप घालून बसलेली बाई एका लांडग्यापायी किल्ली कशी काढणार. ती नुसती धुसफुसायची आणि राग सुनेवर निघायचा. बिचाऱ्या इन्शिराहला वाटायचं, हाजाला रक्तदाबाची गोळी बदलून द्यायला हवी.

पण खरी कळ लागली ती तिसऱ्या भागाने. त्यात हातिमने कोर्टातला जबाब वाचून दाखवला. आरोपी रिदवान म्हणाला होता, मी रहाटापाशी नव्हतोच, कालव्याच्या उतारावर गाढवाचं खोगीर शिवत होतो. त्या मुलीलाच विचारा, ती तुतीच्या झाडावर बसली होती, तिने मला पाहिलंय. यावर हातिम थांबला, एक खोल सुस्कारा टाकला आणि म्हणाला, "काय हा निर्लज्जपणा, मित्रांनो. जी निष्पाप मुलगी त्याच्याविरुद्ध बोलायला उभी आहे, तिलाच हा आपली साक्षीदार म्हणतो. पण तो छोटा देवदूत डगमगला नाही."

देवदूत. हाजाने त्या दिवशी जेवण केलं नाही, पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

समोरच्या घरात आता रिदवानचा मुलगा खलफ राहायचा. बापाला पकडून नेलं तेव्हा तो एक वर्षाचा होता, आता एकाहत्तरचा. खजुरीच्या काठ्यांची फळांची खोकी करायचा. दिवसभर त्याच्या हातोडीची टकटक गल्लीभर ऐकू यायची, आणि दर गुरुवारी हाजा त्याच्या घरी उन्हात पीठ फुगवून भाजलेल्या ताज्या रोट्या पाठवायची, परातीत, वर फडकं झाकून. परात कधी रिकामी परत आली नाही. खजूर, मूठभर भेंड्या, एखादं लहान खोकं, काहीतरी असायचंच. पन्नासएक वर्षं हे चाललं होतं. या रोट्यांत काय मळलेलं असतं ते फक्त हाजाला ठाऊक होतं.

दुसऱ्या भागानंतर परात रिकामी आली. तिसऱ्या भागानंतर परात आली ती रोट्यांसकट. फडकंही उचललेलं नव्हतं.

"खलफची नात शाळेतून रडत आली म्हणे," इन्शिराहने सांगितलं. "वर्गातल्या पोरी तिला खुन्याची पोर म्हणतात. मोबाइलवर तो लांडग्यांचा आवाज लावून तिच्या मागे लागतात." मग म्हणाली, "तसं काय चूक आहे त्यांचं. केला तर होताच ना."

हाजाने तिच्याकडे अशी नजर टाकली की ती उठून आत गेली.

शेवटच्या भागासाठी हातिम स्वतः आला. गळ्यात इअरफोन, पाठीवर पिशवी, आणि पिशवीत ते केसाळ बोंडूक, ज्याला तो माइक म्हणतो. गावाचे आवाज टिपायचे होते त्याला. रहाट तर केव्हाच गेला, तिथे आता डिझेलचा पंप आहे. तर हा पंप बंद करायला सांगून वाऱ्याचे आवाज टिपत बसला. पंपवाल्याने त्याला काय ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. ते मात्र त्याने टिपलं नाही.

दुपारी जेवून तो आजीपुढे येऊन बसला आणि ते बोंडूक तिच्या चपलांशेजारी मांडलं.

"आजी, रागावली आहेस का? चौथा भाग ऐकलास? नऊ लाख लोकांनी ऐकला."

"नऊ लाखांना सांग की आपल्या गिर्ग्याच्या उसात लांडगे नसतात. कोल्हे असतात, आणि ते माणूस पाहिला की पळतात."

"ते वातावरणासाठी असतं गं."

"आणि रात्र?"

हातिम हसला. "फाइलीत दुपारच लिहिली आहे. पण लोकांना दुपारी भीती वाटत नाही."

"मला वाटली होती," हाजा म्हणाली.

तो एकदम सरसावून बसला. "हेच. हेच हवंय मला. सगळी गोष्ट तुझ्यावर उभी आहे, आजी. नाव नाही घेणार, आवाजही बदलून टाकीन. फक्त सांग, काय पाहिलंस. त्या देवदूताच्याच तोंडून शेवट होऊ दे."

"तो देवदूत देवदूत करणं आधी बंद कर. कानाला खाज सुटते."

"बरं, बंद. सांग."

ती सांगणार नव्हती. अल्लाची शपथ, सांगणार नव्हती. पण तेवढ्यात समोरून टकटक सुरू झाली आणि दोन ठोके पडून थांबली. तिला कळलं की खलफने हातिमची गाडी दारात पाहिली आहे. आणि तो आता, हातोडी हातात धरून, वाट बघतोय की या घरात त्याच्या बापाचं आणखी काय काय होणार आहे.

"तुझ्या देवदूताने काही पाहिलं नाही," ती म्हणाली. "म्हणजे पाहिलं. रिदवानला पाहिलं. पण उतारावर. दाभण घेऊन खोगीर शिवत होता. तो कोर्टात म्हणाला तेच खरं. मी तुतीवर होते, गावच्या शेखच्या तुतीवर, चोरून खात होते. गोळीचा आवाज आला तेव्हा माझे डोळे त्याच्यावरच होते."

हातिमने ते बोंडूक आणखी जवळ सरकवलं.

"घरी आले तर बाबांनी विचारलं, कोणाला पाहिलंस. मी म्हटलं, रिदवानला. बाबांना तेवढंच हवं होतं. सुवैलमशी आमचं वैर आधीचंच. मग पंधरा दिवस रोज संध्याकाळी मला समोर बसवून घोकून घेतलं, रहाटापाशी पाहिला, रहाटापाशी पाहिला. चुकले तर मार. बरोबर म्हटलं तर ऊस. कोर्टात मी एकदाही चुकले नाही."

आता इथे कोणी माणूस असता तर गप्प बसला असता. किंवा आजीच्या गुडघ्यावर हात ठेवला असता. हातिमच्या डोळ्यांत चमक आली.

"आजी," तो हळूच म्हणाला, "हे तर सातव्या भागाचं आहे. आठव्याचंही. थांब, तेवढं पुन्हा म्हण. 'तुतीवर होते' म्हटल्यावर जरा श्वास घे, मग पुढचं."

सत्तर वर्षं छातीवर धोंडा घेऊन झोपलेली बाई तो एकदाचा खाली ठेवते, आणि हा म्हणतो, पुन्हा उचल, नीट दिसलं नाही. संताप म्हणजे काय ते तिला त्या क्षणी कळलं. आधीचा सगळा नुसता चिडचिडेपणा होता. आणि गंमत अशी की पोराचा राग करता करता तिला आपलाही आला. कारण त्याच्या यंत्रात बोलणं सोपं होतं. कैरोतल्या नऊ लाख बायकापुरुषांनी कपड्यांना इस्त्री करता करता ते ऐकलं असतं, हळहळले असते, आणि खलफलाही ते इतरांबरोबरच, कोणाच्या तरी मोबाइलवर कळलं असतं. मागे लांडगे असतेच.

मक्केला जाऊन तिने हेच केलं होतं. काबाला फेऱ्या घालताना रडून रडून माफी मागितली होती, पण ती चुकीच्या दारात. ते देणं देवाचं नव्हतंच, गल्लीपलीकडचं होतं.

ती उठली. आतल्या पेटीतून तिने आपलं कफन काढलं. हजहून आणलेलं, जमजमच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं, चौदा वर्षं कापराच्या वड्यांत घडी घालून ठेवलेलं. ते तिने दोन्ही तळहातांवर आडवं घेतलं, चपला दारातच सोडल्या आणि डोक्यावरची काळी शाल खांद्यावर पडू दिली.

इन्शिराह धावत आली. "हाजा, हे काय? बाईने कफन न्यायचं नसतं. पुरुष नेतात. तुमच्या मुलाला तरी येऊ द्या."

"साक्ष द्यायला बाई चालली होती," हाजा म्हणाली. "तीही नऊ वर्षांची. तेव्हा कोणी म्हटलं नाही पुरुषाला येऊ द्या."

हातिम यंत्र उचलून मागे निघाला. ती वळली नाही. "ते ठेव. आणि बूट काढ."

त्याने ठेवलं. बूटही काढले. एवढं मात्र म्हणायला हवं की तोवर त्याचा चेहरा उतरला होता.

गल्ली ओलांडायला वीस पावलं लागतात. त्या वीस पावलांत ओट्यावर बसलेले म्हातारे एकेक करून उठून उभे राहिले, कारण कफन हातावर घेऊन चाललेलं माणूस पाहिलं की उठायचं असतं, मग ते कोणीही असो. चौसष्ट साली हीच वाट होती, फक्त उलटी. रिदवान तुराला मेला त्या वर्षी दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी वैर मिटवायचं ठरवलं, आणि रीतीप्रमाणे खुन्याच्या घरच्याने कफन घेऊन यायचं, म्हणजे मला मारा नाहीतर माफ करा. सुवैलमच्या घरात मोठा पुरुष उरला नव्हता. म्हणून बारा वर्षांचा खलफ आला. अनवाणी, उघड्या डोक्याचा, सरळ पुढे बघणारा. तिच्या बापाने त्याच्या हातावरचं कफन उचललं, पोराला मिठी मारली आणि माफ केलं. माफ केलं म्हणे. मेंढा कापला, गावजेवण घातलं, आणि जन्मभर त्या मोठेपणाची तारीफ ऐकली.

खलफ अंगणात खोक्यांच्या मधोमध बसला होता. त्याने आधी कफन पाहिलं, मग तिचे अनवाणी पाय. हातोडी खाली ठेवली, पण उठला नाही.

"तुझा बाप रहाटापाशी नव्हता," हाजा म्हणाली. "उतारावर होता. गोळी सुटली तेव्हा मी त्याला तिथे बघत होते. कोर्टात मी खोटं बोलले."

आत कोणीतरी भांडी घासत होतं, ते थांबलं.

"आणि मी हेच घेऊन तुमच्या दारात आलो," खलफ म्हणाला, "तेव्हा कुठे होतीस?"

"गच्चीवर."

"बघत होतीस."

"बघत होते. माझा थोरला मांडीवर होता. तोंड उघडलं होतं मी. मग तो रडायला लागला आणि मी त्याला पाजत बसले."

खलफने समोरचं अर्धवट खोकं हातात घेतलं, उलटसुलट फिरवलं आणि बाजूला सारलं. कफन वजनाला काही नसतं, पण असं धरून ठेवायला एकोणऐंशी वर्षांचे हात पुरत नाहीत. हातिमने पुढे होऊन खालून आधार द्यायला हात लावला.

"तिचं तिला धरू दे," खलफ म्हणाला.

हातिमने हात काढला.

"काय करत होता तो?"

"खोगीर शिवत होता."

"असं नको. नीट सांग. मी त्याला पाहिलेलं नाही."

आणि मग हाजाने सांगितलं. चार आठवडे जे तोंडात घोळवून गिळत होती ते सगळं. निळा झब्बा होता, खांद्याला फाटलेला. डोक्याला पांढरं फडकं. दोम ताडाच्या सावलीत बसला होता, पण पाय उन्हात. दाभण दातात धरायचा, दोरा ओढायचा, पुन्हा दातात धरायचा. तोंडात दाभण असतानाही काहीतरी गुणगुणत होता, सूर अगदीच बेकार. गाढव मोकळं होतं आणि सारखं त्याच्या डोक्यावरचं फडकं ओढत होतं, आणि तो त्याला ओरडत नव्हता, नुसता म्हणत होता, थांब की रे, तुझ्यासाठीच चाललंय. गोळीचा आवाज आला तसा दचकला, दाभण बोटात घुसलं. बोट तोंडात घालून त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग वर पाहिलं.

"वर?"

"मी दिसले त्याला. म्हणाला, खाली उतर पोरी, सांभाळून, पडशील." ती थांबली नाही. "मी उतरेपर्यंत झाडाखाली उभा होता. मग म्हणाला, घरी जा सरळ. कोर्टात तो माझ्यावर ओरडला नाही. नुसता बघत होता, मी आता म्हणेन, आता म्हणेन म्हणून. त्याला शेवटपर्यंत खात्री होती की मी खरं सांगेन."

खलफ उठला. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. तिच्यासमोर आला आणि तिच्या हातांवरचं कफन त्याने उचललं. तिचे हात तसेच पुढे राहिले, खाली येईनात.

"माफ केलं असं मी म्हटलेलं नाही," तो म्हणाला.

"नाही."

"हात दुखले असतील म्हणून घेतलं."

त्याने कफन आत नेलं नाही, परतही दिलं नाही. एका नव्या खोक्यावर ठेवलं, दुसरं खोकं पालथं करून तिच्यासमोर सरकवलं, आणि ती बसल्यावर हातिमकडे वळला. हातिम अनवाणी उभा होता, हातांचं काय करावं ते न कळलेला.

"जा, तुझं ते यंत्र घेऊन ये. ती पुन्हा सांगेल. माझ्या नातीला पण बोलावतो."

हातिम दारापर्यंत जाऊन वळला. "कुठून... कुठून सुरुवात करू, खलफचाचा?"

"दुपार होती," खलफ म्हणाला. "तिथून कर."